अठरानंतरचे कॉलेज

बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या तरुणांना कॉलेजात घेणे म्हणजे त्यांना बी.ए.च्या परीक्षेला बसवणे नव्हे. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात १९८७ मध्ये असा एक उपक्रम सुरू झाला आणि त्यातून एक रीत पडली. विद्यार्थी आवडीच्या विषयाच्या तासाला इतरांबरोबर बसतो आणि झेपेल तेवढेच काम करतो. उरलेला दिवस प्रवास, पैशांचे व्यवहार, स्वयंपाक आणि एखादे काम शिकण्यात जातो. पदवीसाठीची परीक्षा त्याला द्यावी लागत नाही. अमेरिकेत २००८ च्या उच्च शिक्षण कायद्याने अशा विद्यार्थ्यांना सरकारी शैक्षणिक मदत खुली केली.

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित महाविद्यालयांत किमान ५ टक्के जागा राखून ठेवल्या आहेत. मात्र प्रवेश दहावी-बारावीच्या गुणांवर मिळतो. दहावीपर्यंत न पोचलेल्या मुलीला त्या जागांचा काहीच उपयोग नाही. याच कायद्याने दिलेला मोफत शिक्षणाचा हक्कही वयाच्या अठराव्या वर्षी संपतो. त्याच वाढदिवशी मूल कायद्याने सज्ञान होते. मग आईवडिलांना पालकत्वासाठी राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. सिंधुदुर्गातल्या कुडाळच्या कुटुंबाला त्यासाठी जिल्ह्याचे ठिकाण, ओरोस, गाठावे लागते. कागद होतात, पण दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाने जायचे कुठे, हा प्रश्न तसाच राहतो.

महाराष्ट्रात याला मिळालेले उत्तर म्हणजे अठरा वर्षांपुढच्यांची कार्यशाळा. कोकणात रत्नागिरीच्या ‘आविष्कार’ संस्थेची शामराव भिडे कार्यशाळा हे काम करते. मुंबईत सोफिया महाविद्यालयाच्या आवारात एस. पी. जे. साधना शाळा आहे आणि तिथे व्यवसायशिक्षण दिले जाते. अशा ठिकाणी हाताला काम मिळते, शिस्त लागते, आपण केलेली वस्तू विकली जाते हे मुलाला कळते. हे मोलाचेच आहे. उणीव आहे ती बरोबरीच्या सोबतीची. कार्यशाळेत सगळे विशेष विद्यार्थीच असतात. शेजारचा मुलगा कॉलेजात जातो, मित्र जोडतो, कॅन्टीनमध्ये बसतो. ते वय यांनाही आलेले असते.

शिकवण्याची पद्धत मात्र कार्यशाळेत आणि अशा कॉलेजात एकच, आणि ती जवळून पाहण्यासारखी आहे. आमसुलांची पाव किलोची पिशवी भरण्याचे काम घेऊ. शिक्षिका आधी त्याचे टप्पे पाडते: पिशवीचे तोंड उघडणे, आमसुले घालणे, वजन करणे, योग्य वेळी थांबणे, तोंड दुमडणे, सील करणे, लेबल लावणे. शिकवायला सुरुवात शेवटून होते. आधीचे सगळे टप्पे ती स्वतः करते आणि विद्यार्थ्याकडे फक्त लेबल देते. त्यामुळे पहिल्या दिवसापासून तयार पिशवी त्याच्या हातून बाहेर पडते. लेबल जमले की सील, मग दुमडणे, असे एकेक पाऊल मागे जायचे. सर्वांत कठीण टप्पा थांबण्याचा. आकडे न वाचता येणाऱ्याला इलेक्ट्रॉनिक काटा काही सांगत नाही. दोन पारड्यांचा तराजू सांगतो, कारण काटा मधोमध आला हे डोळ्यांना दिसते. मदतही पायरीपायरीने काढून घेतात. आधी हाताला हात, मग बोटाने खूण, मग नुसता शब्द, आणि शेवटी शिक्षिका पाठ फिरवून उभी राहते. हा शेवटचा भाग शिकवणाऱ्याची खरी परीक्षा पाहतो. चूक होताना दिसत असते आणि तरी हात पुढे करायचा नसतो.

पैशांसाठी एक साधी युक्ती आहे. बेरीज-वजाबाकी नको; किमतीतला दशक ओळखायचा आणि दहाची एक नोट जास्त द्यायची. चौतीस रुपयांना चार नोटा. मराठीत ‘तीस’ शेवटी येतो, म्हणून दुकानदाराचा शब्द पुरा होईपर्यंत थांबायला शिकवावे लागते. एकोणचाळीस ऐकून मूल पाच नोटा पुढे करते. बिघडत काही नाही, परत जास्त पैसे येतात एवढेच. याचा सराव वर्गात खोट्या नोटांनी सुरू होतो, पण पक्का होतो तो आठवडा बाजारात, गर्दीत आणि घाईत. एस.टी.चेही तसेच. शिक्षक आधी शेजारी बसतो, मग दोन सीट मागे, मग फक्त उतरण्याच्या थांब्यावर उभा राहतो. ‘मालवण’, ‘वेंगुर्ला’ ही अक्षरे वाचता आली नाहीत तरी पाटीवरचा त्यांचा आकार ओळखता येतो.

हे सगळे कुडाळात होऊ शकते. संत राऊळ महाराज महाविद्यालय आहे, बॅ. नाथ पै शिक्षण संस्थेचे शिक्षणक्रम आहेत, बाजार आहे, एस.टी. आणि रेल्वे दोन्ही आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या प्रत्येक विद्यार्थ्याला वर्षाला १२० तास काम करायचे असते. त्यातले काही तास एका विशेष विद्यार्थ्याला सोबत म्हणून तासाला, ग्रंथालयात, कॅन्टीनमध्ये घेऊन जाण्यासाठी धरता येतील. भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंद असलेला एक विशेष शिक्षक मात्र हवाच. नुसत्या सद्भावनेवर टप्पे पाडता येत नाहीत. आणि सोबत म्हणजे सेवा नव्हे, हे सोबत्यांनाही आधी शिकवावे लागेल. बावीस वर्षांच्या माणसाला ‘बाळ’ म्हणून हाक मारणे पहिल्या दिवशीच थांबले पाहिजे.

कुडाळच्या महाविद्यालयांनी येत्या जूनमध्ये चार-पाच जणांची एक तुकडी घ्यावी. गुणपत्रिका न मागता त्यांना ओळखपत्र, ग्रंथालयाचे कार्ड आणि वर्गात बसायला बाक द्यावा.