झाकलं म्हणजे पुसलं नव्हे

गटाच्या कामासाठी आपण आधारचे, पासबुकाचे फोटो मोबाईलवरून सारखे पाठवतो. “नंबर झाकलाय, आता काळजी नाही,” असं म्हणतो. पण झाकलेलं परत उघडता येतं का? आज आम्ही तेच सांगणार आहोत.

बैठकीत दोघी एकदम बोलतायत असं समजा. एकेकीजवळ एकेक मोबाईल ठेवून रेकॉर्डिंग केलं. दोन्हींत दोघींचे आवाज येतात, पण कमी-जास्त. या फरकावरून कॉम्प्युटर आवाज वेगळे करतो. कोणाचा आवाज किती मिसळलाय, हे त्याला कोणी सांगत नाही. म्हणून या पद्धतीला ‘ब्लाइंड सोर्स सेपरेशन’ म्हणतात. गरोदर बाईच्या पोटावरून घेतलेल्या ईसीजीत आईच्या आणि बाळाच्या हृदयाचे ठोके मिसळलेले असतात, तेही असेच वेगळे करता येतात.

फोटोचंही तसंच. फोटो म्हणजे बारीक ठिपके. काळ्या-पांढऱ्या फोटोत प्रत्येक ठिपक्याला ० ते २५५ मधला आकडा असतो. ० काळा, २५५ पांढरा. आपल्या फोटोतला ठिपका १०० आणि दुसऱ्या, नुसत्या गिचमिड फोटोतला २०० धरा. आपला पाव, गिचमिड पाऊण मिसळलं, की २५ अधिक १५०, झाले १७५. एकट्या १७५ वरून मूळ आकडे कळत नाहीत. उलट प्रमाणात मिसळलं, तर १२५ होतात. अशी दोन्ही मिश्रणं मिळाली, की कॉम्प्युटर प्रमाणं बदलत बघतो आणि एकमेकांशी संबंध नसलेले दोन फोटो वेगळे काढतो. कधी काळ्याचं पांढरं होतं, पण अक्षरं वाचता येतात.

म्हणून गुपित पाठवणारा एकच मिश्रण पाठवतो. गिचमिड फोटो घेणाऱ्याकडे आधीच असतो, तीच किल्ली. किल्ली दुसऱ्याच्या हाती लागली, किंवा तोच फोटो दोन प्रमाणांत मिसळून पाठवला, तर गुपित फुटलंच.

मोबाईलमध्ये नंबरवर पातळ रंगाची रेघ ओढली, तरी खालचे आकडे रंगात मिसळून तिथेच राहतात. फोटोचा उजेड वाढवला, की ते दिसू शकतात. त्यापेक्षा पूर्ण नंबर लागत नसेल तिथे ‘मास्क्ड आधार’ द्या. आधारच्या सरकारी वेबसाइटवरून ते काढता येतं. त्यात शेवटचे ४ आकडेच असतात. आधीचे ८ छापलेलेच नसतात. जे कागदावर नाही, ते कोण शोधून काढणार?

पुढच्या बैठकीत सगळ्या मिळून ते काढून घ्या.