मर्फी : एका आडनावाचा विश्वसंचार

'मर्फी' म्हटले की जुन्या पिढीला रेडिओ आठवतो आणि त्याच्या जाहिरातीतील, ओठांशी बोट नेलेले गोंडस बाळही. अभियंत्याला हाच शब्द एका नियमाची आठवण करून देतो, तर शल्यविशारदाला पित्ताशयाच्या विकाराची. चित्रपटरसिकांपुढे 'ओपनहायमर'मधील भूमिकेसाठी २०२४ मध्ये ऑस्कर मिळवणारा किलियन मर्फी उभा राहतो. या साऱ्यांना जोडणारा दुवा आहे तो आयर्लंडमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या आडनावाचा.

या आडनावाचे मूळ आयरिश रूप 'ओ मुरुखू'. 'ओ' म्हणजे वंशज, तर पुढील व्यक्तिनामात 'समुद्र' आणि 'युद्ध' असे दोन शब्द दडलेले आहेत. अर्थ झाला सागरी योद्ध्याचा वंशज. मात्र सर्व मर्फी एकाच कुळातील नव्हेत. हे व्यक्तिनाम जुन्या आयर्लंडमध्ये लोकप्रिय असल्याने वेक्सफर्ड, कॉर्क, टिरोन अशा निरनिराळ्या प्रांतांत त्यावरून स्वतंत्रपणे आडनावे पडली.

इंग्रजी सत्तेच्या काळात दप्तरांची भाषा बदलली. कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले तसे नाव नोंदले गेले आणि आरंभीचा 'ओ' गळून पडला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आयरिश भाषेच्या पुनरुज्जीवनाची चळवळ उभी राहिली, तेव्हा अनेक घराण्यांनी तो 'ओ' पुन्हा लावला. पण 'मर्फी' इंग्रजीत बहुधा तसेच राहिले.

हे नाव जगभर पसरले त्यामागे मोठी शोकांतिका आहे. १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर सलग काही वर्षे रोग पडला. सुमारे ८० लाख लोकवस्तीच्या या देशात जवळपास १० लाख माणसे उपासमारीने आणि साथींनी दगावली. साधारण तितकीच देशोधडीला लागली. बटाटा हेच आयरिश गरिबांचे अन्न असल्याने इंग्रजी बोलीत बटाट्यालाच 'मर्फी' म्हणण्याची प्रथा आधीपासून होती. ज्या पिकावरून थट्टा झाली, त्याच पिकाने पुढे दगा दिला.

परदेशात, विशेषतः अमेरिकेत, हे नाव अनेक वस्तूंना आणि संकल्पनांना चिकटले. कॅलिफोर्नियातील 'मर्फीज' हे गाव १८४८ च्या सुमारास सोन्याच्या शोधात तेथे आलेल्या दोन मर्फी बंधूंच्या नावाने ओळखले जाते. सॅन फ्रान्सिस्कोच्या विल्यम मर्फी यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी भिंतीत उभी दुमडून ठेवता येणारी खाट प्रचारात आणली. ती इतकी रुळली की, 'मर्फी बेड' हे आता सामान्यनाम झाले आहे, असा निर्वाळा अमेरिकी न्यायालयाने १९८९ मध्ये दिला. शिकागोचे शल्यविशारद जॉन बेंजामिन मर्फी यांनी सांगितलेली पित्ताशयाच्या दाहाची खूण आजही वैद्यकाचे विद्यार्थी शिकतात. विल्यम पॅरी मर्फी यांना १९३४ मध्ये दोन सहकाऱ्यांसह नोबेल पारितोषिक मिळाले. एकेकाळी प्राणघातक ठरणाऱ्या एका प्रकारच्या रक्तक्षयावर यकृताच्या आहाराने उपचार करता येतात, हे त्यांच्या संशोधनाने दाखवून दिले होते.

'जे बिघडू शकते ते बिघडतेच' हा मर्फीचा नियम १९४९ सालचा. कॅलिफोर्नियातील हवाई तळावर, वेग अचानक घटल्याचा मानवी शरीरावर होणारा परिणाम मोजण्याच्या प्रयोगात संवेदकांची जोडणी उलटी झाली आणि काहीच नोंदले गेले नाही. त्यावर अभियंता एडवर्ड मर्फी यांनी काढलेल्या उद्गारांतून हा नियम रूढ झाला. लोक तो निराशेने उच्चारतात. अभियंत्यांसाठी मात्र तो चुकीला वावच राहणार नाही अशी रचना करण्याचा इशारा आहे.

भारतात हे नाव घरोघरी नेले ते रेडिओने. फ्रँक मर्फी आणि त्यांच्या भागीदाराने १९२९ मध्ये इंग्लंडमधील वेलविन गार्डन सिटी येथे ही कंपनी स्थापन केली. पुढे भारतातील मर्फीचा कारखाना ठाण्यात होता. 'बर्फी' या २०१२ सालच्या चित्रपटातील नायकाचे मूळ नावही या रेडिओवरूनच ठेवलेले आहे.

आयर्लंडमध्ये आयरिश भाषेत व्यवहार करणारी कुटुंबे आज पुन्हा मूळ रूप वापरतात. त्यात मुलगा 'ओ मुरुखू' असतो, तर त्याची अविवाहित बहीण 'नी वुरुखू'. इंग्रजी 'मर्फी'त हा भेद उरलेला नाही.