तीस बाय चाळीसच्या साइटवर शोषखड्डा

10 ऑगस्ट 2025 रोजी बेंगळुरू मेट्रोच्या पिवळ्या मार्गिकेचं उद्घाटन झालं आणि आर. व्ही. रोडवरून बोम्मसंद्र्याला येणं सोपं झालं. आमच्या लेआउटमध्ये मेट्रो पोचली, पण मैलावाहिनी अजून यायची आहे. तोवर ज्याची त्याची सेप्टिक टाकी ज्याच्या त्याच्या दारात.

घर बांधताना मेस्त्री म्हणाला, "अक्का, मागे बोअर, पुढे पिट. इकडे सगळे असंच करतात." मी टेप घेऊन बसले. सेप्टिक टाकीसाठी आय. एस. 2470 हे भारतीय मानक आहे. टाकी किमान 75 सेंटीमीटर रुंद हवी, आत पाणी किमान एक मीटर खोल राहिलं पाहिजे आणि क्षमता किमान हजार लिटर हवी. मैला तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि मधलं पाणी बाहेर पडतं. ते दिसायला निवळ असलं तरी जंतूंनी भरलेलं असतं. म्हणूनच ते जिथे जमिनीत मुरतं तो शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून किमान 18 मीटर दूर हवा, असं मानक सांगतं.

आता हिशेब करा. तीस बाय चाळीस फुटांच्या साइटचा कर्ण पन्नास फूट, म्हणजे जेमतेम सव्वापंधरा मीटर. एका कोपऱ्यात बोअर आणि समोरच्या कोपऱ्यात शोषखड्डा घेतला तरी 18 मीटर भरत नाहीत. शिवाय शेजाऱ्याची बोअर भिंतीला लागून! नियम चांगला आहे, पण या मापाच्या साइटवर तो पाळायला जागाच नाही. अशा वस्तीत एकेकट्या घराने शोषखड्डा करण्यापेक्षा चार घरांनी मिळून पिण्याच्या पाण्याची सोय लांब करावी आणि बोअरचं पाणी तपासून घ्यावं.

टाकी बांधली की काम संपलं, असंही नाही. गाळ दोन-तीन वर्षांनी उपसावा लागतो, नाहीतर तो पाण्याबरोबर वाहत जाऊन शोषखड्ड्याची छिद्रं बुजवतो. माझं माहेर वाई. तिथे नगरपालिकेने 2018 पासून पाळी लावली आहे. तीन वर्षांच्या चक्रात गाडी घरोघर येते आणि खर्च करातून भागतो. इकडे टाकी तुंबली की आपणच फोन करून गाडी बोलवायची. ती मैला कुठे रिकामा करते, हे कोणी विचारत नाही. शहराच्या उत्तर टोकाला, देवनहळ्ळीत, असा मैलागाळ शुद्ध करणारा प्रकल्प 2015 पासून आहे. दक्षिणेच्या टोकाला राहणाऱ्या आपणही गाडीवाल्याला तो प्रश्न विचारायला हवा.

एक नियम मात्र साइटच्या मापावर अवलंबून नाही. टाकीत हायड्रोजन सल्फाइड साचतो, प्राणवायू कमी पडतो आणि आत उतरलेला माणूस काही क्षणांत कोसळतो. वाचवायला उतरलेलाही वर येत नाही. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ही जबाबदारी फक्त नगरपालिकेवर किंवा ठेकेदारावर नाही, माणूस कामाला लावणाऱ्या घरमालकावरही आहे. तेव्हा पैसे वाचवायला "दोन पोरं उतरवतो" असं कोणी म्हणालं, तर त्याला दारातूनच परत पाठवा आणि पंपाची गाडी बोलवा.