वासराचे सीरम आणि यीस्टचे इन्सुलिन

कुरुळी येथे पुणे-नाशिक महामार्गालगत माझ्या परिचयाच्या एका व्यापारी कुटुंबाचे दुकान आहे. बँकेच्या नोकरीत असल्यापासूनचा हा घरोबा. गेल्या पर्युषणात त्यांच्याकडे गेलो असता जैवतंत्रज्ञान शिकणाऱ्या नातीने आजोबांपुढे मन मोकळे केले. "आजोबा, प्रयोगशाळेत पेशी वाढवायच्या तर वासराच्या रक्ताचे सीरम वापरावे लागते. मी हे शिक्षण सोडून देऊ का?" आजोबांनी माझ्याकडे पाहिले. मी वाणिज्य शाखेचा. माझ्यापाशी उत्तर नव्हते. म्हणून वाचन केले. त्याचाच हा जमाखर्च.

प्राण्यांच्या किंवा मानवाच्या पेशी शरीराबाहेर केवळ साखर, क्षार व अमिनो आम्ले यांवर सहसा वाढत नाहीत. त्यांना वाढीचा आदेश देणारी प्रथिने लागतात. त्यांस वृद्धिघटक म्हणतात. कुलपात किल्ली बसावी तसे ते पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहीत बसतात आणि पेशी विभाजित होऊ लागते. या शोधाबद्दल स्टॅन्ली कोहेन व रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना १९८६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हे घटक एकत्र मिळावेत म्हणून पोषक द्रवात साधारण १० टक्के सीरम मिसळण्याची प्रथा पडली. कत्तलखान्यात मारलेल्या गाभण गाईच्या पोटातील वासराच्या रक्तापासून ते मिळवतात. मुलीची व्यथा अनाठायी नव्हती.

यीस्टने येथे दुसरा मार्ग दाखविला आहे. मानवी प्रथिनाचे जनुक यीस्टच्या पेशीत घातले की पोलादी टाक्यांत वाढणारे यीस्ट ते प्रथिन तयार करते. पुढे ते गाळून शुद्ध केले जाते. आपल्या महाराष्ट्रात औरंगाबादच्या वोखार्ट कंपनीने २००३ साली यीस्टपासून बनविलेले मानवी इन्सुलिन बाजारात आणले. त्यापूर्वी अनेक दशके जगभर गाय व डुक्कर यांच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन काढले जात असे.

मधुमेहींचे हेच इन्सुलिन पेशींनाही उपयोगी पडते. त्याच्या प्रभावाने पेशी ग्लुकोज व अमिनो आम्ले अधिक शोषतात आणि वाढतात. ट्रान्सफेरिन व सेलेनियम यांच्या जोडीने ते दिले असता सीरमचे प्रमाण घटविता येते. काही पेशी तर सीरमविना वाढविता येतात. यीस्टमधून मिळविलेला बेकाप्लर्मिन नावाचा वृद्धिघटक मधुमेही रुग्णांच्या पायावरील जखमा भरण्यासाठी अमेरिकेत १९९७ साली संमत झाला.

तथापि ताळेबंदाच्या दोन्ही बाजू पाहिल्या पाहिजेत. प्रत्येक पेशीची गरज निराळी. एकाच पाककृतीने सर्वांचे भागत नाही. यीस्ट प्रथिनांना आपल्या पद्धतीच्या शर्करा जोडते, म्हणून काही प्रथिने त्यात मानवी प्रथिनांसारखी हुबेहूब होत नाहीत. शिवाय पेशी सुट्या करण्यासाठी वापरले जाणारे ट्रिप्सिन बहुधा डुकराच्या स्वादुपिंडाचे असते. सूक्ष्मजीवांपासून बनविलेले पर्याय आहेत, पण ते मागावे लागतात. मुलांनी प्रयोगशाळेत किंवा आपल्या व्यापाऱ्यांनी असा माल घेताना 'हा घटक कोणत्या स्रोताचा?' हे आवर्जून विचारावे.

यीस्टही जीवच आहे. हा मार्ग सर्वथा निर्दोष आहे असे म्हणणे आत्मवंचना ठरेल. परंतु एकेंद्रिय व पंचेंद्रिय यांच्या हिंसेतील तारतम्य आपल्या परंपरेने सांगितलेच आहे. जेथे हिंसा पूर्ण टळत नाही, तेथे ती कमी करणे हेही कर्तव्यच.

नातीने शिक्षण सोडले नाही. मार्गदर्शकांच्या अनुमतीने ती आता सीरम टप्प्याटप्प्याने कमी करून पाहत आहे. पेशी तग धरतील की नाही, हे काही आठवड्यांनी कळेल. आजोबा मात्र रोज संध्याकाळी दुकान वाढविताना तिला फोन करून विचारतात, "बाळ, आज किती कमी केलेस?"