शितावरून भाताची परीक्षा येथे चालत नाही

शितावरून भाताची परीक्षा करण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. एक शीत बोटांत दाबून पाहिले की पातेल्यातला भात शिजला की नाही, हे कळते. संगणकाच्या प्रोग्रॅमला मात्र ही रीत लागू पडत नाही. तेथे हजारो ओळी बिनचूक असूनही एखादीच ओळ घात करते. म्हणूनच अनेकांनी मिळून लिहिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये आपला बदल दाखल करण्यापूर्वी तो तपासून घेणे, हा या क्षेत्रातील शिस्तीचा पहिला नियम मानला जातो.

मोठे सॉफ्टवेअर कोणी एकटा लिहीत नाही. शेकडो, काही वेळा हजारो प्रोग्रॅमर एकाच सामायिक भांडारात आपापली भर घालत असतात. बदलांची नोंद ठेवण्यासाठी ‘गिट’सारखी साधने वापरली जातात. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी गिट तयार केले. आपला बदल कायम नोंदवण्याच्या क्रियेला ‘कमिट’ म्हणतात. तो बदल सामायिक भांडारात पोहोचला की इतरांच्या कामाचा पाया बनतो. तो सदोष असेल तर दुसऱ्या दिवशी ताजी प्रत घेणाऱ्या प्रत्येकाचे काम अडते आणि दोष आपला की दुसऱ्याचा, हे शोधण्यात त्याचा दिवस जातो.

‘माझ्याकडे तर चालते’

‘माझ्या संगणकावर तर व्यवस्थित चालते’ हे वाक्य या व्यवसायात इतके ऐकू येते, की ते विनोदाचा विषय झाले आहे. त्यामागचे कारण बहुधा साधे असते. नवी फाइल तयार केलेली असते, पण ती भांडारात घालायची राहून गेलेली असते. स्वतःच्या संगणकावर ती असल्याने काही बिघडत नाही. इतरांकडे मात्र प्रोग्रॅम तयारच होत नाही. यावर उपाय असा, की भांडारातील ताजी प्रत वेगळ्या जागी उतरवून घ्यावी, तिच्यात आपला बदल मिसळावा, प्रोग्रॅम मुळापासून नव्याने तयार करावा आणि मग जुन्या-नव्या सर्व चाचण्या घ्याव्यात. शेवटी आपण नेमके काय बदलले, ते ओळीनिशी एकदा वाचून काढावे. चाचणीसाठी तात्पुरत्या घातलेल्या ओळी बऱ्याचदा या वाचनातच सापडतात.

नकाराचीही चाचणी हवी

तथापि, प्रोग्रॅम चालतो एवढे पाहून भागत नाही. ॲपल कंपनीने २१ फेब्रुवारी २०१४ रोजी आयफोनसाठी तातडीची दुरुस्ती प्रसृत केली. समोरचे संकेतस्थळ खरे की तोतया, याची खातरजमा करणाऱ्या भागात ‘गो टू फेल’ ही आज्ञा लागोपाठ दोनदा आली होती. पहिली एका अटीला बांधलेली होती, दुसरीला कोणतीच अट नव्हती. परिणामी संगणक दर वेळी तेथूनच शेवटाकडे उडी मारी. डिजिटल सहीची अखेरची तपासणी होतच नसे, आणि तोवर काही चुकलेले नसल्यामुळे निकाल मात्र ‘सर्व ठीक’ असा मिळे. त्याच वाय-फायवर बसलेल्या भामट्याला बँकेच्या संकेतस्थळाचे सोंग घेणे त्यामुळे शक्य झाले होते. ती ओळ संगणकीय भाषेच्या व्याकरणात बसत होती आणि खऱ्या संकेतस्थळांशी जोडणीही होत होती. खोटी सही दिल्यावर ती नाकारली जाते का, एवढे तपासले असते तर दोष उघडा पडला असता.

त्याच वर्षी ७ एप्रिलला ‘हार्टब्लीड’ जगासमोर आले. असंख्य संकेतस्थळे ज्यावर विसंबून होती, त्या ‘ओपनएसएसएल’ या मुक्त प्रकल्पात ३१ डिसेंबर २०११ रोजी एक बदल दाखल झाला होता. एका संगणकाने दुसऱ्याला छोटा निरोप पाठवायचा आणि तोच परत मागायचा, अशी ती सोय होती. निरोपाची लांबी खोटी सांगितली, तर समोरचा संगणक आपल्या स्मृतीतील ६४ किलोबाइटपर्यंतचा मजकूर बिनदिक्कत देऊन टाकी. त्यात पासवर्डही असू शकत. विशेष म्हणजे हा बदल दाखल होण्यापूर्वी दुसऱ्या जाणकाराने वाचलेला होता. नुसत्या वाचनाने चाचणीची उणीव भरून निघत नाही, हा त्यातला धडा.

दोन बरोबर, मिळून चूक

काही वेळा दोष कोणाचाच नसतो. एकाने एखाद्या फंक्शनचे नाव बदललेले असते, त्याच वेळी दुसऱ्याने जुन्याच नावाने ते वापरलेले असते. दोन्ही बदल स्वतंत्रपणे तपासले तर निर्दोष ठरतात. एकत्र येताच प्रोग्रॅम कोसळतो. म्हणूनच ‘रस्ट’ या संगणकीय भाषेच्या प्रकल्पात प्रत्येक बदल मुख्य शाखेच्या ताज्या रूपाशी जोडून यंत्राकरवी तपासला जातो आणि सर्व चाचण्या उत्तीर्ण झाल्यावरच आत घेतला जातो. लिनक्समध्ये पुढील आवृत्तीसाठीचे बदल ‘लिनक्स-नेक्स्ट’ या वेगळ्या शाखेत आधी एकत्र करून पाहतात.

या शिस्तीचा आणखी एक लाभ आहे. हजार बदलांपैकी कोणत्या बदलाने दोष आणला हे शोधायचे, तर मधला बदल तपासायचा आणि दोष त्याच्या अलीकडे की पलीकडे हे ठरवायचे. दर वेळी शोधाचे क्षेत्र निम्मे होते आणि सुमारे दहा चाचण्यांत अपराधी सापडतो. मात्र मधलेच काही बदल धड चालत नसतील, तर ही वाट अडते. बदल छोटा आणि स्वतःच्या पायावर उभा असावा, असा आग्रह धरला जातो तो यासाठीच.

सगळ्या चाचण्यांना काही वेळा तासन् तास लागतात, हे खरे. म्हणून झटपट होणाऱ्या चाचण्या प्रोग्रॅमरने स्वतः घ्याव्यात आणि लांबलचक चाचण्या यंत्रावर सोपवाव्यात, अशी विभागणी केली जाते. पण यंत्र आहे म्हणून स्वतःची जबाबदारी सुटत नाही. सांगितलेले तेवढेच यंत्र तपासते. काय विचारायचे, ते माणसालाच सुचावे लागते.

एका शितावरून हा भात कळत नाही, पण एक खडा दाताखाली आला तर घास बिघडतो. तांदूळ निवडायचे ते चुलीवर चढवण्यापूर्वीच.