राखणीचा कुत्रा निवडताना

गेल्या वर्षी बाबांची बदली फील्डला झाली. मी इथे हॉस्टेलमध्ये आणि येलहंक्याच्या आमच्या भाड्याच्या घरात आई आणि धाकटी बहीण, दोघीच. एका रविवारी फोनवर आई सहज म्हणाली, "परवा रात्री कोणीतरी गेटची कडी वाजवत होतं." त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळपर्यंत मी ठरवून टाकलं, घरी कुत्रा आणायचा आणि तोही रॉटवायलरच.

सुट्टीत बाबांच्या ओळखीचे एक काका घरी आले. ते लष्करात डॉग हँडलर होते, आता निवृत्त आहेत. माझा बेत ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "त्याला रोज फिरवणार कोण?" मी गप्प झालो. रॉटवायलरचा नर ५० किलोच्या आसपास भरतो. मांजर पाहून त्याने पट्ट्याला हिसका दिला, तर आई त्याला आवरणार कशी? म्हणून पहिला नियम असा: कुत्रा हौस असणाऱ्याचा नव्हे, तर रोज त्याच्यासोबत राहणाऱ्याचा विचार करून निवडावा. त्या माणसाची ताकद, वेळ आणि घरातली जागा आधी पाहावी.

दुसरा प्रश्न होता, राखण म्हणजे नक्की काय? मला वाटायचं, चावणं. काकांनी मला संत्रीची आठवण करून दिली. संत्री आधी गोळी झाडत नाही, आधी "थम, कौन आता है?" असं विचारतो. घरच्या कुत्र्याचं कामही तेच. अनोळखी चाहूल लागली की भुंकून घरच्यांना जागं करायचं आणि मालकाने "बस" म्हटलं की थांबायचं. बहुतेक चोर भुंकण्यानेच मागे फिरतात. दिसेल त्याला चावणारा कुत्रा शूर नसतो, बहुधा घाबरलेला असतो. तो उद्या दूधवाल्याला किंवा बहिणीच्या मैत्रिणीलाही चावेल. दिवसभर साखळीला बांधून ठेवलं की कुत्रा असाच बिघडतो.

मग जात कोणती? आपल्या कर्नाटकातला मुधोळ हाउंड मला फार आवडतो. बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळ संस्थानच्या घोरपडे राजांनी ही जात जोपासली. २००५ मध्ये तिच्यावर टपाल तिकीट निघालं आणि २०१६ मध्ये लष्कराने मुधोळची पिल्लं प्रशिक्षणासाठी मेरठला नेली. पण हा नजरेने शिकार हेरून धावणारा कुत्रा आहे. त्याला रोज मोकळं पळायला मैदान लागतं. आमच्या गल्लीत ते कुठून आणणार?

उलट लॅब्राडोर. त्याला सगळे 'लाडोबा' समजतात. पण सप्टेंबर २०२३ मध्ये राजौरीच्या चकमकीत आपल्या हँडलरला वाचवताना प्राण देणारी लष्कराची केंट लॅब्राडोरच होती. हे ऐकल्यावर मला पटलं की नुसत्या जातीवर काही ठरत नाही. माणसाशी जुळलेलं नातं आणि शिस्त जास्त महत्त्वाची.

शेवटी आईनेच निर्णय घेतला: गावठी पिल्लू. गावठी कुत्री इथल्या हवेत काटक राहतात, कान तिखट असतात आणि आपली हद्द सोडत नाहीत. निवडताना काकांनी सांगितलेल्या गोष्टी अशा:

१. पिल्लू आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नये. त्याहून लहान पिल्लू विकायला कायद्यानेही बंदी आहे.

२. शक्य असेल तर पिल्लाची आई पाहावी. ती शांत असेल तर पिल्लूही शांत निघण्याची शक्यता जास्त.

३. थोड्या अंतरावर किल्ल्यांचा जुडगा खाली टाकावा. दचकून मग हुंगायला पुढे येणारं पिल्लू चांगलं. कोपऱ्यात दडून बसणारं किंवा अंगावर गुरगुरणारं नको.

४. पहिल्या तीन-चार महिन्यांत त्याला मुलं, म्हातारी माणसं, स्कूटर, कुकरची शिट्टी, सगळ्यांची ओळख करून द्यावी. रोजचं काय हे कळलं, तरच वेगळं काय ते त्याला कळेल.

५. तीन महिन्यांचं झाल्यावर रेबीजची लस, पुढे डॉक्टर सांगतील तसे डोस आणि महापालिकेचा परवाना. यात टाळाटाळ नको.

आमच्या पिल्लाचं नाव चिंगी. तिला खायला घालणं, फिरवणं, "बस" शिकवणं सगळं आईने केलं. मी फक्त फोनवर सूचना द्यायचो.

दिवाळीच्या सुट्टीत ट्रंक घेऊन मी रात्री घरी पोचलो. गेटची कडी काढतोय तोच आतून चिंगी अशी भुंकली की मी जागच्या जागी थांबलो. ती गेटपाशी आली, पण अंगावर आली नाही. आई बाहेर आली आणि म्हणाली, "चिंगी, बस. आपलाच आहे तो." ती लगेच गप्प झाली, माझे बूट हुंगले आणि बाजूला झाली.

माझ्याच घरी मला चॅलेंज झाला. पण त्या रात्री मी खूप दिवसांनी निवांत झोपलो, आणि परत शाळेत आल्यावरही झोपतो.