मोरचुदाच्या पोटातला गुंता

तासगावकडच्या द्राक्षबागेत निळ्या पाण्याचं पिंप तुम्ही पाहिलं असेल. मोरचूद आणि चुना कालवून शेतकरी बोर्डो मिश्रण करतात आणि केवडा रोग पडू नये म्हणून वेलींवर फवारतात. बोर्डो हे फ्रान्समधलं गाव. गंमत म्हणजे त्याच फ्रान्समधल्या ग्रेनोबल शहरात मोरचुदाच्या स्फटिकांवर एक निराळाच प्रयोग झाला. २०१३ साली तो प्रसिद्ध झाला.

मोरचुदात तांबं असतं. तांब्याचा प्रत्येक अणू तिथे इवल्याशा लोहचुंबकासारखा वागतो. यातले काही चुंबक प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या मुलांसारखे रांगेत असतात. शेजाऱ्याच्या उलट तोंड करायचं, हा त्यांचा स्वभाव. अतिशय थंडीत मात्र त्यांच्यात ‘एन्टँगलमेंट’ होते. मराठीत आपण गुंता म्हणू.

गुंता म्हणजे काय? समजा, चपलांच्या जोडातली एक चप्पल डब्यात घालून साताऱ्याला ठेवली, दुसरी सांगलीला. साताऱ्याच्या डब्यात डावी निघाली, की सांगलीला उजवी आहे हे एसटीत न बसताही कळतं. यात नवल नाही, कारण डबे भरतानाच ते ठरलं होतं. गुंतलेल्या कणांचं तसं नसतं. दोघं एकमेकांच्या उलट, एवढंच ठरलेलं. कोण डावा, कोण उजवा हे डबा उघडेपर्यंत ठरलेलंच नसतं!

“पण कशावरून? आधीच ठरलं असेल, आपल्याला माहीत नसेल!” असं तुम्ही म्हणाल. शाबास! थोर शास्त्रज्ञ आइन्स्टाइन यांनाही अशीच शंका होती. १९६४ साली जॉन बेल यांनी त्यावर तोड काढली. सगळं आधीच ठरलेलं असेल, तर दोन कणांच्या उत्तरांचा मेळ एका मर्यादेपलीकडे जाऊच शकत नाही, हे त्यांनी गणिताने दाखवलं. पुढे प्रयोगांत ती मर्यादा ओलांडली गेली! या कामाबद्दल अ‍ॅस्पे, क्लॉझर आणि झायलिंगर यांना २०२२ चं नोबेल मिळालं.

पण ते प्रयोग प्रकाशकणांच्या जोड्यांवर झाले. मोरचुदाच्या एका खड्यात तर अगणित अणू. इतके डबे कोण उघडणार?

इथे कामाला येतं प्रकीर्णन. कॅरमबोर्ड चादरीने झाकलाय असं समजा. कडेने स्ट्रायकर आत सोडायचा आणि तो कुठून, किती वेगाने बाहेर येतो ते बघायचं. अनेकदा केलं की सोंगट्या कशा मांडल्यात याचा अंदाज येतो. शास्त्रज्ञांचा स्ट्रायकर म्हणजे न्यूट्रॉन. त्याला विद्युतभार नसतो, म्हणून तो पदार्थात खोल शिरतो. शिवाय तो स्वतःही छोटा चुंबक असतो.

ग्रेनोबलला मोरचुदाचे स्फटिक जड पाण्यापासून बनवले होते, कारण साध्या पाण्यातला हायड्रोजन न्यूट्रॉन भलतीकडेच उधळतो. मग ते जवळजवळ उणे २७३ अंशांपर्यंत थंड केले. न्यूट्रॉनने एका चुंबकाला धक्का दिला, तर तो त्याच्यापाशी थांबेना! त्याचे दोन, कधी चार भाग होऊन ते रांगेतून पळू लागले. रांगेतलं कोणीच एकटं नव्हतं.

तरी गुंत्याचा पुरावा हवा. त्यासाठी पुन्हा मर्यादाच! रांगेतली मुलं आपापल्या मर्जीने डोलली, तर कोणी इकडे, कोणी तिकडे. सगळी रांग मिळून फारशी हलत नाही. हात गुंफलेले असले तर रांगच्या रांग डोलते. म्हणून शास्त्रज्ञ बाहेर आलेले न्यूट्रॉन मोजून चुंबकांचं डोलणं काढतात. उष्णतेमुळे झालेलं डोलणं बाजूला ठेवतात. उरलेलं डोलणं सुट्या अणूंना जमेल त्याहून जास्त भरलं, तर अणू गुंतलेले आहेत हे नक्की. २०२१ साली अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांबरोबर तांबं, पोटॅशियम आणि फ्लोरिनच्या स्फटिकात असा गुंता दाखवला. तापमान वाढलं की तो विरत जातो.

ही न्यूट्रॉनची विद्या आपल्या महाराष्ट्रातही आहे बरं का! तुर्भ्याला १९५६ साली ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली. डॉ. पी. के. अय्यंगार कॅनडात ब्रॉकहाउस यांच्याबरोबर काम करून आले आणि त्यांनी इथे हे संशोधन वाढवलं. पुढे ब्रॉकहाउस यांना याच विद्येसाठी १९९४ चं नोबेल मिळालं. १९८५ साली ‘ध्रुव’ ही मोठी अणुभट्टी आली.

गुंता ओळखायचा कशाला? क्वांटम संगणक चालतात ते या गुंत्याच्या जोरावर. त्यासाठी कोणत्या पदार्थात खरा गुंता आहे, हे पारखून घ्यावं लागतं.

मोरचूद विषारी असतो, त्याला हात लावू नका. त्याऐवजी सुट्टीत कॅरमचा खेळ करा. मित्राला बोर्डावर चार सोंगट्या मांडून वर चादर धरायला सांगा. तुम्ही न बघता स्ट्रायकर सोडा, वहीत नोंदी करा आणि सोंगट्या कुठे आहेत ते ओळखा. किती स्ट्रायकर लागले?